उपदेश लिहून न्यावा की आत्म्यावर सोडावा?

जास्वंद_नगर

सर्वांना नमस्कार. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, लहानशी. पाळकसाहेबांकडे आणखीही मंडळ्या आहेत, त्यामुळे दर रविवारी त्यांना येणं जमत नाही. ते नसतील त्या रविवारी आमच्यातलंच कुणीतरी उपदेश करतं. या खेपेला महिला मंडळानं माझं नाव पुढे केलंय. शास्त्रभाग नेमून दिलाय: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय २, वचने १ ते ५.

मी शाळेत मराठी शिकवते. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करते, त्यामुळे सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हे अंगवळणी पडलंय. सवयीनं उपदेश सगळा लिहायला घेतला. तर मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "कागद घेऊन उभी राहिलीस तर तूच बोलशील, पवित्र आत्मा बोलणार नाही." वर नेमलेल्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौलही वरवर पाहता तेच म्हणतोय: मी वक्तृत्वाचा, ज्ञानाचा डौल घेऊन तुमच्याकडे आलो नाही, अशक्त होतो, भीत होतो, थरथरत होतो.

माझं मत सांगते. तयारी न करण्याला विश्वास म्हणावं हे मला पटत नाही. माणसं कामं बाजूला सारून येऊन बसतात, त्यांच्यापुढे तोंडाला येईल ते बोलायचं, यात देवाचा मान कुठे राहिला? पण फार देखणे उपदेशही मी ऐकलेत. फाटकाबाहेर पडल्यावर त्यातलं एवढंच आठवतं की बोलणारा छान बोलला. ते मला नको आहे. तर या दोन गोष्टी खरंच एकमेकींच्या आड येतात का? तुमचे अनुभव सांगा.

खाडीकाठ

ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रवचन फादरच देतात, त्यामुळे तुमच्यासारखी वेळ आमच्यावर येत नाही. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो: लिहा, आणि आखूड लिहा. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये, त्यानंतर लोकांना झोप लागते आणि त्यात लोकांची चूक नाही. एक चित्र, एक विचार, एक भावना, बास. आणि आठ मिनिटांत बोलायचं तर लिहिल्याशिवाय जमत नाही. लांब बोलायला तयारी लागत नाही.

तिसरा_मजला

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसल्या बसल्या पेंगला, तो थेट तिसऱ्या मजल्यावरून खाली. पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं, पोरगा जिवंत निघाला. मग वर येऊन भाकर मोडली आणि पुन्हा उजाडेपर्यंत बोलणं सुरू! माझं आमच्या पाळकांना प्रेमाचं सांगणं असतं, साहेब, मेलेल्याला उठवता येत असेल तर खुशाल लांबवा.

जास्वंद_नगर

@तिसरा_मजला, आमचं मंदिर बैठं आहे, काळजी नसावी :)

वचनाचा_सेवक

प्रभूची स्तुती असो. भगिनी, तुमच्या त्या वडीलधाऱ्यांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. मत्तय १० मध्ये प्रभू स्वतः म्हणतो, काय बोलावं याची चिंता करू नका, त्याच घटकेला ते तुम्हाला सुचवलं जाईल. पेत्र आणि योहान निरक्षर, अडाणी माणसं आहेत हे पाहून न्यायसभा थक्क झाली होती. मोशे तर तोंडावर म्हणाला होता की मी जिभेचा जड आहे. देवानं बोलक्या अहरोनाला सोबत दिलं, पण हाक मारली ती जड जिभेच्या मोशेलाच.

मी स्वतः प्रभूकडे आलो तो एका रिक्षावाल्या बंधूच्या साक्षीनं. पिंपरीत, एका घरगुती प्रार्थनासभेत. तो बंधू धड वाक्य पुरं करत नव्हता. "मी दारू प्यायचो... बायकोला... आता नाही... त्यानं केलं." एवढंच चारचारदा म्हणाला आणि बसला. त्याआधी मी मोठमोठ्या मैदानांवरच्या सभा ऐकल्या होत्या, टाळ्याही वाजवल्या होत्या. काही हललं नव्हतं. त्या रात्री हललं. हे वक्तृत्वानं झालं असं कोणी सांगावं.

नीरक्षीर

सेवकदादा, तुमची साक्ष मनापासून मान्य. पण मत्तय १० चा संदर्भ सोडून चालणार नाही. ते वचन पकडून अधिकाऱ्यांपुढे, राजांपुढे उभं केलेल्या माणसांसाठी आहे. आरोपीला तयारीला वेळ मिळत नाही, म्हणून दिलेलं ते आश्वासन आहे. ज्याला रविवार कधी येणार हे आठवडाभर आधी ठाऊक असतं त्याच्यासाठी ते नाही.

आता करिंथ. ताई, तुमच्या पाच वचनांची किल्ली पहिल्या अध्यायात आहे. मंडळीत तट पडले होते: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा). अपुल्लोस मूळचा आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात आणि शास्त्रात तरबेज. कृत्ये १८ मध्ये तसं लिहिलंच आहे. त्या काळच्या ग्रीक शहरांत फिरते वक्ते येत, फी घेत, चेले जमवत, आणि लोक कुस्तीच्या जोडीसारखे त्यांना तोलत. करिंथच्या विश्वासणाऱ्यांनी तोच शौक मंडळीत आणला. पौल त्या आखाड्यात उतरायला नकार देतोय. अपुल्लोसाविरुद्ध मात्र चकार शब्द नाही. उलट तिसऱ्या अध्यायात म्हणतो, मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं देवानं.

आणि ज्याला शब्दकळा नको होती त्यानंच याच पत्रात तेरावा अध्याय लिहिला. मोठ्यानं वाचून बघा: प्रीती सहनशील आहे, प्रीती हेवा करत नाही, करत नाही, करत नाही, मग सर्व, सर्व, सर्व. ही रचना आपोआप होत नाही. अथेन्सला तर त्यानं ग्रीक कवींच्या ओळी उद्धृत केल्या. त्याची पत्रं वजनदार, पण बोलणं टाकाऊ, असं त्याचे विरोधकच म्हणत (दुसरे करिंथ १०). म्हणजे लिहिताना त्याचा हात चालायचा हे शत्रूंनाही कबूल होतं.

वचनाचा_सेवक

बंधू, पत्र कोरीव आहे हे खरं. पण वक्तृत्वाचा डौल का नको, याचं कारणही दुसऱ्या अध्यायात पौल देतो: तुमचा विश्वास माणसांच्या ज्ञानावर उभा राहू नये. बोलणाऱ्याच्या कौशल्यावर आलेला विश्वास त्याच्याहून कुशल माणूस आला की जातो. ही भीती खरी आहे की नाही?

नीरक्षीर

खरी आहे. शंभर टक्के.

फिली_देसी

या भीतीवर एक जुनी गोष्ट. मी फिलाडेल्फियाजवळ राहते, इथे बेंजामिन फ्रँकलिनच्या कहाण्या पावलोपावली. त्यानं आत्मचरित्रात जॉर्ज व्हाइटफिल्डबद्दल लिहिलंय. व्हाइटफिल्ड (१७१४-१७७०) इंग्लंडचा, उघड्या मैदानात उपदेश करणारा, आवाज असा की फ्रँकलिननं हिशेब मांडून पाहिला, तीस हजारांना ऐकू जाईल. जॉर्जियातल्या अनाथाश्रमासाठी तो पैसे जमवत होता. फ्रँकलिनचं म्हणणं, आश्रम फिलाडेल्फियात बांधा, मुलांना इथे आणा. ते मानलं नाही म्हणून यानं ठरवलं, एक पै द्यायची नाही. खिशात मूठभर तांब्याची नाणी, तीन-चार चांदीचे डॉलर आणि सोन्याची पाच नाणी होती. उपदेश सुरू झाला, हा विरघळायला लागला आणि म्हणाला, तांबं देऊन टाकू. आणखी एक वाक्य आलं, लाज वाटली, चांदी द्यायचं ठरलं. शेवट असा झाला की तांबं, चांदी, सोनं, सगळा खिसा थाळीत रिकामा!

त्याच सभेत त्याच्यासारख्याच मताचा एक मित्र होता. मोह नको म्हणून तो घरूनच खिसे रिकामे करून आला होता. शेवटी तोही इतका पेटला की शेजारच्या माणसाकडे उसने मागायला लागला. शेजारी क्वेकर, शांत बसून उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. तो म्हणाला, एरवी केव्हाही दिले असते, मित्रा, पण आत्ता नाही, आत्ता तू भानावर दिसत नाहीस.

आता मुद्द्याचं. दोघांची मैत्री व्हाइटफिल्डच्या मरणापर्यंत टिकली. फ्रँकलिनचं परिवर्तन व्हावं म्हणून व्हाइटफिल्ड प्रार्थना करायचा. फ्रँकलिन लिहितो की त्या प्रार्थनेला फळ आल्याचं समाधान काही त्याला मिळालं नाही. सेवकदादा, वक्तृत्वाचा हात खिशापर्यंत पोचला. पुढे गेला नाही.

कर्णफुली

पण मग व्हाइटफिल्डला काय म्हणायचं, नुसता नट? त्याच मैदानांत इतर हजारोंची आयुष्यं पालटली. आवाज तोच, शब्दही तेच. फ्रँकलिननं हेही टिपलंय की फिरत्या उपदेशकाचा नवा उपदेश कुठला आणि अनेकदा देऊन घासूनपुसून झालेला कुठला हे ऐकताच ओळखू यायचं, आणि घासलेलाच जास्त रंगायचा. म्हणजे तालीम होती. तालमीमुळे आत्मा निघून गेला असता तर त्या हजारोंचं काय?

आणि उलट टोकाचं उदाहरण त्याच काळातलं, अमेरिकेतला उपदेशक जोनाथन एडवर्ड्स. १७४१ चा जुलै, कनेक्टिकटमधलं एनफिल्ड. हा माणूस टिपणं हातात घेऊन बोलणाऱ्यांपैकी. श्रोत्यांत असलेल्या एका पाळकानं रोजनिशीत लिहून ठेवलंय की लोकांच्या रडण्याओरडण्यामुळे एडवर्ड्सला मध्येच थांबावं लागलं. कागदामुळे आत्मा अडतो म्हणणाऱ्यांनी एनफिल्डचा विचार करावा.

मृदंगी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, पण धागा सोडवेना. आमच्याकडे हीच चर्चा कीर्तनाबद्दल होते. "बोलविता धनी वेगळा" असं सगळेच कीर्तनकार म्हणतात. पण ज्यांच्या तोंडी ते शोभतं त्यांना गाथा पाठ असते, ज्ञानेश्वरी पाठ असते, चाली पाठ असतात. पाठांतर इतकं मुरलेलं की ऐनवेळी कुठलं प्रमाण ओठावर येईल हे त्यांनाही माहीत नसतं. धन्यानं बोलवायचं तर पोटात काही असावं लागतं. आजकाल विनोदाची आतषबाजी करून हशा मिळवणारेही आहेत. त्यांच्याकडे गर्दी जास्त, हे कबूल करायलाच हवं.

केडगाव_पॅसेंजर

मृदंगी, तुमच्या पोस्टवरून पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. रमाबाई (१८५८-१९२२) पौराणिकाच्या घरातल्या. लहानपणापासून तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडलेलं कुटुंब. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचं संस्कृत ऐकून "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. वक्तृत्व म्हणायचं तर त्या काळात या बाईंच्या तोडीचं कोण होतं?

आता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, १९०५ चा जून संपत आलेला. महिनोन् महिने मुली रोज जमून जागृतीसाठी, म्हणजे विश्वासाला नवी धग यावी म्हणून, प्रार्थना करत होत्या. एके दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या, नेहमीच्या शांत पद्धतीनं. चढा आवाज नाही, हातवारे नाहीत. आणि मुली एकाएकी मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या, रडायला लागल्या, शेकडो एकदम. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. आणि त्या थांबल्या! मला सगळ्यात मोठी गोष्ट ती वाटते. सभा जिंकण्याची विद्या जिच्याकडे होती तिनं तिथे ती वापरली नाही, आणि वेळ आली तेव्हा पुस्तक मिटून बाजूला झाली.

पण आयुष्याची शेवटची अनेक वर्षं याच बाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी. शब्द न् शब्द पारखत. जागृती आणि शब्दकोश एकाच माणसाच्या आयुष्यात.

जास्वंद_नगर

हे वाचून अंगावर काटा आला. जागृतीबद्दल ऐकलं होतं, पण योहान ८ चा तपशील मला नवा आहे.

सूरपेटी

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. हल्ली आमच्या शहरातल्या काही मंडळ्यांत उपदेश शेवटाकडे आला की कीबोर्डवाला हळूच मागे जाऊन बसतो आणि एक लांब सूर धरून ठेवतो. उपदेशकाचा आवाज चढतो, सूर चढतो, मग "काहीतरी होतंय या ठिकाणी". मी स्वतः तो कीबोर्ड वाजवलाय. कुठला कॉर्ड धरला की पहिल्या रांगेत रुमाल निघतात हे मला माहीत आहे. आता वाजवायचं सोडलंय. लिहिलेल्या कागदाला आत्म्याचा अडसर म्हणायचं आणि या सुराला अभिषेक म्हणायचं, हे मला मान्य नाही. वक्तृत्व फक्त शब्दांचं नसतं. घोगरा आवाज, डोळे मिटणं, परदेशी उपदेशकांसारखं दर वाक्यामागे "आमेन?" विचारणं, हीसुद्धा अलंकारशास्त्रच आहेत, फक्त शाळेत शिकवलेली नाहीत.

वचनाचा_सेवक

भगिनी, तुमचं बोलणं लागलं, पण खरं आहे. आमच्याच पंथात हे जास्त आहे. मोठा आवाज म्हणजे सामर्थ्य असा समज झालाय. माझा रिक्षावाला बंधू हळू बोलला होता.

कोरा_कागद

तयारीचं एवढं चाललंय तर विचारतो: इंटरनेटवर तयार उपदेश मिळतात, आता तर यंत्रही लिहून देतं. तेही चालेल का?

नीरक्षीर

तयार उपदेश नवे नाहीत. १५४७ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं उपदेशांचं अधिकृत पुस्तकच काढलं, कारण अनेक पाळकांना स्वतः धड उपदेश करता येत नव्हता. त्यांनी ते वाचून दाखवायचे. गोव्याकडे फादर स्टीफन्सचं "क्रिस्तपुराण" १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि ते देवळांतून वाचलं जायचं. एका माणसानं घडवलेले शब्द, पुढच्या पिढ्या ऐकून विश्वासात वाढल्या.

प्राचीन चर्चमधला थोर बिशप ऑगस्टीन तर उघड परवानगी देतो. ज्याला चांगलं बोलता येतं पण रचता येत नाही, त्यानं दुसऱ्याचं चांगलं पाठ करून सांगावं, फक्त फसवणूक नको. हा ऑगस्टीन मुळात वक्तृत्वाचा पगारी शिक्षक. मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजचे उपदेश ऐकायला जायचा ते निव्वळ शैली तपासायला, आशयाशी देणंघेणं नाही. पण शब्दांसाठी दार उघडं ठेवलं आणि त्यातून आशयही आत आला. ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो त्याच अँब्रोजच्या हातून. पुढे उतारवयात त्यानं उपदेशकांना सांगितलं: बोलायची वेळ आली की जीभ उघडण्याआधी आपला तहानलेला जीव देवाकडे उचल. वक्ता होण्याआधी प्रार्थना करणारा हो. वक्तृत्व सोड असं मात्र त्यानं कुठेच म्हटलं नाही. खोटं बोलणारे सजून बोलणार आणि खरं बोलणारे रटाळ, हे का सोसायचं, असा त्याचा सवाल आहे.

यंत्राबद्दल माझं मत: संदर्भ शोधायला हरकत नाही. पण जे वचन आपल्याला आधी टोचलं नाही ते दुसऱ्याला कसं टोचणार? तो भाग उसना मिळत नाही.

दगडी_पायरी

सेवकदादांच्या बाजूनं प्रसिद्ध इंग्रज उपदेशक स्पर्जनची एक गोष्ट टाकतो. जानेवारी १८५०, इंग्लंडमधलं कोलचेस्टर, हिमवादळ. पंधरा वर्षांचा स्पर्जन ठरलेल्या चर्चला पोचू शकला नाही म्हणून गल्लीतल्या एका छोट्या मेथडिस्ट चॅपलमध्ये शिरला. आत दहा-पंधरा माणसं. पाळकही बर्फात अडकलेला. एक किरकोळ, अशिक्षित माणूस उभा राहिला. वचन यशया ४५:२२, माझ्याकडे वळा आणि तारण पावा. त्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं फार काही नव्हतं, म्हणून तेच तेच म्हणत राहिला. मग या पोराकडे बघून म्हणाला, तरुणा, तू फार दुःखी दिसतोस, ख्रिस्ताकडे बघ! त्या सकाळी स्पर्जन बदलला. पुढे लंडनमध्ये हजारो लोक त्याला ऐकायला यायचे. त्या उपदेशकाचं नावसुद्धा खात्रीनं कुणाला सांगता येत नाही.

कर्णफुली

सुंदर. आणि त्याच स्पर्जननं १८५६ मध्ये उपदेशक घडवायला कॉलेज काढलं. तिथे तो मुलांना आवाज कसा लावायचा, उभं कसं राहायचं, हातवारे कसे टाळायचे हेही शिकवायचा. अडाणी उपदेशकाच्या तोंडून तारण मिळालेल्या माणसाला अडाणीपणाच बरा असं वाटलं नाही.

फिली_देसी

क्वेकरांचं राहिलं. मी अधूनमधून त्यांच्या सभेला जाते. वेदी नाही, पाळक नाही, सगळे गप्प बसतात. आतून हाक आली असं वाटेल त्यानं उठावं, बोलावं, बसावं. एक बोलल्यावर लगेच दुसऱ्यानं उठायचं नाही, मध्ये शांतता जाऊ द्यायची. कधी तासभर कुणीच उठत नाही. आपल्याकडे प्रेरणेच्या नावावर अखंड बोललं जातं. इथे मात्र प्रेरणेसाठी गप्प बसतात. सगळ्यांना ते जमेल असं नाही, पण उपदेशाच्या मध्ये दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

जास्वंद_नगर

सगळ्यांचे आभार. काय ठरवलंय ते सांगते. उपदेश पूर्ण लिहिलाय, दोनदा खोडलाही. पहिल्या खर्ड्यात सुरुवातीला एक कविता होती, ती काढली. ती फक्त मला मराठी येतं हे दाखवायला होती. मंदिरात कागद नेणार नाही, बायबलात एक चिठ्ठी ठेवणार, मुद्द्यांची. त्या वडीलधाऱ्यांच्या घरी जाऊन आले. म्हटलं, उपदेशाआधी माझ्यासाठी तुम्हीच प्रार्थना करा. ते कबूल झाले. त्यांनी नीरक्षीर यांना विचारायला सांगितलंय की पौल "थरथरत" आला ते नेमकं कशामुळे.

नीरक्षीर

काकांना नमस्कार सांगा. पक्कं कारण पौल देत नाही. पण कृत्ये १६ ते १८ ओळीनं वाचा: फिलिप्पैला फटके आणि तुरुंग, थेस्सलनीकातून रातोरात निघावं लागलं, बिरुयातही पाठलाग, अथेन्सला थट्टा. त्यानंतर करिंथ. आणि तिथेही प्रभूला रात्री दृष्टांतात सांगावं लागलं, भिऊ नकोस, बोलत राहा.

वचनाचा_सेवक

"बोलत राहा." आमेन. भगिनी, त्या रविवारी आमची मंडळीही तुमच्यासाठी प्रार्थना करील.

मृदंगी

अवांतर: रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनाच्या घाटात सांगितली असं वाचलंय. ती पद्धत कुठे चालू आहे का? ऐकायला आवडेल.

केडगाव_पॅसेंजर

ना. वा. टिळक (१८६१-१९१९). १८९५ ला बाप्तिस्मा, मुंबईत. मंडळीनं इंग्रजी चालींवर ओढूनताणून गाऊ नये, अभंग-भजनात देवाला आळवावं, हा त्यांचा ध्यास होता. त्यांची पदं अजून मराठी मंडळ्यांत दर रविवारी गातात. पूर्ण कीर्तन कमी झालंय, पण भजनं जोरात आहेत, नगर आणि मराठवाड्याकडे विशेष.

जास्वंद_नगर

@मृदंगी, आमच्याकडे नाताळात रात्रभर भजन असतं, टाळ-मृदंगावर, टिळकांच्याच अभंगांनी सुरुवात. पेटी आणि टाळ आमच्याकडे आहेत. मृदंग वाजवणाऱ्या दादांचा हात दुखावलाय, तेव्हा तुमचा घेऊनच या. व्यनि करते.